विश्लेषण : गव्हाच्या शेतांचा ‘लाटांसारखा’ फोटो आपल्याकडे का मिळत नाही?

हिवाळा ओसरू लागला की नवी मुंबईतील हौशी छायाचित्रकारांचे कॅमेरे खाडीकाठच्या फ्लेमिंगोंकडे वळतात. त्याच आठवड्यांत माळशेज घाटापलीकडे ओतूर-जुन्नर पट्ट्यात गहू पिवळा पडत असतो. मोबाइलच्या वॉलपेपरवर दिसणारी, लाटांसारखी उठणारी-बसणारी शेते शोधत तिथे गेलेल्याच्या हाती मात्र बहुतेक वेळा एक सपाट पिवळी पट्टी लागते. यात फोनचा दोष कमी आणि भूगोलाचा, वेळेचा जास्त असतो.

वॉलपेपरवरच्या त्या टेकड्या कुठल्या?

असे अनेक फोटो अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ‘पलूस’ भागातले असतात. (सांगलीच्या पलूसशी साम्य नावापुरतेच.) गंमत म्हणजे तिथे जमिनीखाली जो खडक आहे, तोच आपल्याकडेही आहे. लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झालेला बेसॉल्ट. तिथला सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. फरक नंतर पडला. पलूसमधील बेसॉल्टवर वाऱ्याने उडून आलेली बारीक माती साचत गेली आणि तिच्या गोलाकार टेकड्या झाल्या. दख्खनचा बेसॉल्ट मात्र झिजताना पायऱ्या-पायऱ्यांचा झाला. ‘डेक्कन ट्रॅप’मधील ‘ट्रॅप’ हा शब्दच जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. म्हणून आपल्याकडे सपाट माथ्याचे डोंगर, त्याखाली टप्पे आणि तळाशी शेते असे दृश्य दिसते.

दुसरा फरक मालकीचा. पलूसमध्ये एकेक शेत शेकडो हेक्टरचे असू शकते. महाराष्ट्रात २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती. त्यामुळे गव्हाच्या तुकड्याला लागून कांदा, त्यापलीकडे हरभरा किंवा द्राक्षबाग. एकसंध लाट इथे शोधूच नये. उंचावरून दिसणारी ही रंगीत गोधडी हाच इथला फोटो आहे आणि तो पलूसच्या फोटोपेक्षा अधिक बोलका असतो.

कधी जायचे?

कोकणपट्टीत गहू जवळपास नाहीच. वाशीच्या एपीएमसीतील धान्य मार्केटमध्ये तो पोत्यांतूनच भेटतो. घाटावर पेरणी साधारण नोव्हेंबरमध्ये होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६४७८ हा वाण, जो सातारा जिल्ह्यातील करंजखोपच्या शेतकऱ्यांनी घेतला, ११० दिवसांत तयार होतो. म्हणजे जानेवारीत हिरवेगार, फेब्रुवारीअखेर सोनेरी आणि मार्चमध्ये रान मोकळे. सोनेरी रंग दोन-तीन आठवडेच टिकतो. निफाडसारख्या गव्हाच्या जुन्या पट्ट्यातही हिशेब साधारण हाच.

दिवसातील वेळ तर त्याहून अपुरी. मार्चच्या सुरुवातीला भर दुपारी ९० सेंटिमीटर उंचीच्या पिकाची सावली जेमतेम ४५ सेंटिमीटर पडते. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना तीच सावली पाच मीटरपर्यंत जाते. जमिनीचा चढउतार फोटोत दिसतो तो या लांब सावल्यांमुळेच. मात्र आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने सूर्य तिरका न सरकता जवळजवळ सरळ वर चढतो. २० मार्चच्या सुमारास आपल्याकडे तो पहिले १० अंश सुमारे ४२ मिनिटांत ओलांडतो. पलूसमध्ये त्याला जवळपास तासभर लागतो. इंटरनेटवरचा ‘गोल्डन अवर’ आपल्याकडे पाऊण तासाचाच. त्या वेळी सूर्योदय सातच्या आत-बाहेर असतो, त्यामुळे वाशी-पनवेलहून पहाटे साडेतीनला निघणे भाग आहे.

फोनमध्ये शेत सपाट का दिसते?

फोनची मुख्य लेन्स ‘वाइड’ असते. अर्धा किलोमीटर दूर असलेला २० मीटर उंचीचा उतार तिच्यात फोटोच्या उंचीचा जेमतेम चार टक्के भाग व्यापतो. उरलेल्या जागेत आकाश आणि पायाखालची धूळ. पाचपट ऑप्टिकल झूम असलेल्या फोनमध्ये तोच उतार जवळपास पाचवा भाग घेतो. डिजिटल झूमनेही तो मोठा दिसतो, पण केवळ फोटो कापला गेल्याने तपशील कमी होतो. दुसरी अडचण ऑटो एचडीआरची. फोन स्वतःहून सावल्या उजळवतो आणि ज्या सावलीसाठी पहाटे निघालो तीच पुसून टाकतो. स्क्रीनवर बोट ठेवून एक्स्पोजर थोडे खाली ओढले की ती परत येते.

शेतात उतरून फोटो चांगला येतो का?

नाही. कमरेइतक्या पिकात उभे राहिल्यावर समोर फक्त ओंब्या दिसतात, शेताचा आकार दिसत नाही. पलूसमधील प्रसिद्ध फोटोही स्टेप्टो ब्यूट या १,१०१ मीटर उंचीच्या टेकडीवरून लांबून टिपलेले असतात. आपल्याकडे घाटरस्त्याचे वळण, धरणाकाठची टेकडी किंवा गावाबाहेरचा चढ पुरतो.

शेतकऱ्याचा हिशेब वेगळाच. गव्हाच्या दोन ओळींत साधारण वीतभर अंतर असते, माणसाचे पाऊल त्यात मावत नाही. दाणा भरत असताना मोडलेले ताट पुन्हा उभे राहत नाही. वाळलेल्या पिकात विडी-सिगारेटचे थोटूक पडले तर वर्षाची कमाई जाते.

याची किंमत जपानमधील होक्काइडो बेटावरील बिएई गावाने मोजली आहे. तिथे गहू, बटाटा आणि बीटच्या टेकड्या आहेत आणि त्यात एकटे उभे असलेले पॉप्लरचे एक झुकलेले झाड फोटोंमुळे देशभर गाजले. ‘शेतात उतरू नका’ ही विनंती लोक ऐकेनात. झाड म्हातारेही झाले होते. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये मालक शेतकऱ्याने ते तोडून टाकले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच गावात सुमारे ४० बर्च झाडांची रांग कापली गेली. पर्यटकांची गर्दी हे त्यामागचे एक कारण. बुटांच्या मातीतून पिकांवरील रोग शेतात येण्याची भीतीही तिथल्या शेतकऱ्यांना असते.

बांधावर कुणी दिसले तर ‘काका, इथून फोटो काढू का?’ एवढे विचारायला वेळ लागत नाही. कोणता तुकडा कधी कापणीला येणार, हेही तिथेच कळते.

आणि ड्रोन?

ड्रोन नियम २०२१नुसार ‘ग्रीन झोन’मध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे आणि त्याहून जवळ नियम अधिक कडक होतात. नवी मुंबईत विमानतळ सुरू झाल्याने पनवेल-उलवे परिसरातील भातशेतीवर सराव करण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा उघडून पाहावा.