साठ ग्रॅमचा गज आणि करंगळीचा हिशेब

व्हायोलिनचा गज काट्यावर ठेवला तर साधारण ६० ग्रॅम भरतो. ५८ ते ६२ ग्रॅमच्या बाहेरचे गज कमीच. तरीही मुरलेल्या वादकापुढे चार गज ठेवा. तो एकेक उचलून म्हणेल, ‘हा जड आहे’, ‘हा हातात बसतो’, ‘याचं टोक खाली पडतं’. काट्यावर चौघांत ग्रॅमभराचाही फरक नसतो. बघणाऱ्याला हे नखरे वाटतात, पण वादकाचं म्हणणं खरं असतं. काटा वजन मोजतो, हाताला मात्र ओढ जाणवते.

ही ओढ आकड्यांत मांडता येते. गज अंगठ्यावर टेकलेला असतो आणि त्याचा संतुलनबिंदू अंगठ्यापासून साधारण १९ सेंटिमीटर पुढे असतो. गज हवेत आडवा धरला की टोक खाली जाऊ पाहतं. त्याला थोपवते ती अंगठ्याच्या मागे जेमतेम ४ सेंटिमीटरवर टेकलेली करंगळी. तरफेच्या नियमाने ६० गुणिले १९ भागिले ४, म्हणजे करंगळीवर सुमारे २८५ ग्रॅमचा दाब येतो. हातातल्या सर्वांत दुबळ्या बोटाला गजाच्या वजनाच्या जवळजवळ पाचपट काम! नवशिक्यांची करंगळी ताठ का होते, हे यावरून कळावं.

आता टोकाला एक ग्रॅम वाढवा. टोक अंगठ्यापासून साधारण ६६ सेंटिमीटर दूर असतं. एकूण वजन दीड-पावणेदोन टक्क्यांनीच वाढलं, पण करंगळीचा भार सुमारे सोळा ग्रॅमने, म्हणजे जवळपास सहा टक्क्यांनी वाढला. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी दाखवलं, की हातात उचललेल्या वजनांतला फरक आपल्याला साधारण चाळिसाव्या भागाइतका असला तरच कळतो. त्या हिशेबाने ६० ग्रॅममधला एक ग्रॅम कळायला नको, ओढीतला सहा टक्क्यांचा फरक मात्र कळायलाच हवा. हाच एक ग्रॅम अंगठ्याखाली वाढवला, तर हाताला पत्ताही लागणार नाही. क्रिकेट खेळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. सारख्या वजनाच्या दोन बॅटींपैकी एकीचा पिकअप हलका लागतो, तो याच कारणाने.

दुकानदारांचं एक आवडतं वाक्य इथे तपासून घ्यावं. ‘चांदीची तार गुंडाळलीय, त्यामुळे बॅलन्स मागे आलाय.’ ते खोटं नसतं. मुठीपुढे तीन ग्रॅमची तार गुंडाळली की संतुलनबिंदू अर्धा-पाऊण सेंटिमीटर मागे सरकतो. पण टोकाचं वजन होतं तेवढंच राहतं, त्यामुळे करंगळीचं ओझं कमी होत नाही. उलट किंचित वाढतं. बोटावर गज तोलून ‘बॅलन्स’ पाहणं म्हणूनच अर्धवट परीक्षा आहे.

तारेवर टेकला की गज आणखी बदलतो. संतुलनबिंदूपाशी वाजवताना त्याचं सगळं ६० ग्रॅम वजन तारेवर टाकता येतं. टोकाशी पोहोचेपर्यंत तारेवर आपोआप पडणारा भार जेमतेम १८ ग्रॅम उरतो. तिथे आणखी ५० ग्रॅमचा दाब हवा असेल, तर अंगठ्यापुढे ४ सेंटिमीटरवर असलेल्या तर्जनीला सुमारे ८०० ग्रॅमचा जोर लावावा लागतो. एका संथ गजात लांबलचक मींड घ्यायची आणि शेवटपर्यंत आवाज पडू द्यायचा नाही, म्हणजे हा बदलता हिशेब दर क्षणी बोटांनी करत राहायचं.

डी. के. दातार किंवा एन. राजम यांच्या गायकी अंगाच्या वादनात हा हिशेब ऐकू येतो, म्हणजे खरं तर ऐकू येत नाही. तीच त्यातली कमाल. व्ही. जी. जोगांच्या वादनात लयकारीला मोठं स्थान. तिथे गज पटकन उचलायचा, वळवायचा असतो आणि जड टोक आडवं येतं. भावगीत वाजवायचं तर गज शब्दांच्या जोडतोडीप्रमाणे तोडावा लागतो. प्रभाकर जोगांचं ‘गाणारे व्हायोलिन’ मराठी घराघरांत पोहोचलं, त्यामागे उजव्या हाताची ही शिस्तही होतीच. तेव्हा ‘उत्तम गज कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

त्यात आपली बैठक वेगळी. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे पाश्चात्त्य पद्धतीत तयार झालेले वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतात. शास्त्रीय मैफलीतला आपला वादक मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून बसतो. व्हायोलिनचा दर्शनी भाग जितका कलंडतो, तितका गजाच्या वजनाचा तारेवरचा वाटा घटतो. पंचेचाळीस अंशांत तो साधारण ७० टक्केच उरतो, बाकी बोटांनी भरून काढायचा. आणि आजच्या गजाचा आराखडा तर पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्त (१७४७–१८३५) यांनी तिथल्या संगीतासाठी पक्का केलेला! त्याआधीच्या गजांचं टोक हलकं असे. तूर्त यांनी ते वजनदार केलं आणि ब्राझीलचं पर्नाम्बुको लाकूड वापरलं. या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ पासून निर्बंध आहेत. कार्बन फायबरचे गज वाढले त्याचं हेही एक कारण. शिकणाऱ्याने त्यांना नाक मुरडू नये.

छत्रपती संभाजीनगरच्या वादकाला हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात गजाचे केस आखडतात, पावसाळ्यात सैल पडतात. जुलैत आवळलेला गज तसाच ठेवला, तर उन्हाळ्यापर्यंत काठी वाकडी व्हायची भीती. केस फार ताणलेले असले की गज तारेवर उड्या मारतो आणि ‘हलका’ वाटतो, सैल असले की ‘जड’. दोष वजनाचा नसतो, स्क्रूचा असतो. वाजवून झालं की स्क्रू सैल करावा आणि उन्हाळ्यात थोडा जास्तच.

मुलासाठी गज घ्यायला जाल तेव्हा वजनाचा आकडा विचारत बसू नका. त्याचं स्वतःचं व्हायोलिन न्या, शिकताना बसतो तसं त्याला दुकानात जमिनीवर बसवा आणि मधल्या सप्तकातला सा टोकापर्यंत सावकाश ओढायला सांगा. टोकाजवळ स्वर थरथरला किंवा करंगळी ताठ झाली, तर पुढचा गज मागा.