बंदर पाहायला जाण्यापूर्वी



यंदा नववीची सहल मुंबईचे बंदर पाहायला जाणार, असे प्रार्थनेनंतर सांगितले आणि मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. हिंदीत बंदर म्हणजे माकड! मी स्वतः हिंदी माध्यमात शिकले, तेव्हा रागवायचे तरी कोणत्या तोंडाने? आणखी एक शब्द सांगून ठेवते. हिंदीत ‘गोदी’ म्हणजे आईची मांडी. मराठीत जिथे जहाज आत घेऊन त्यात माल चढवतात-उतरवतात, ती गोदी.

ती लागते कशाला? महेश्वरच्या घाटावर नर्मदा चढते ती पूर आला की. मुंबईचा समुद्र मात्र दिवसातून साधारण दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ दीड मजला. ओहोटीत जहाज चिखलाला टेकू नये म्हणून भरतीच्या वेळी ते आत घ्यायचे, दरवाजे बंद करायचे आणि पाणी आतच अडवून धरायचे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून बंदरातली कामे घड्याळाइतकीच समुद्राकडे पाहून चालतात.

कुलाब्याची ससून गोदी १८७५ ची. तिथे पहाटेच पोहोचावे लागते, कारण मासळीचा लिलाव उजाडण्याआधीच सुरू होतो. मी प्रथम गेले तेव्हा नाकाला पदर लावला होता. डोक्यावर टोपली घेतलेल्या एक कोळीण मावशी थांबून म्हणाल्या, “बाई, आमचा हा कारखाना आहे.” पदर तेव्हाच खाली आला. तुम्हीही नाक दाबू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि हातगाडीच्या वाटेत उभे राहू नका. जमीन ओली असते, घसरणाऱ्या चपला नकोत. (आईबाबांबरोबर उन्हाळ्याच्या सुटीत जाणार असाल तर लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. गोदीत तेव्हा ती गर्दी दिसणार नाही.)

बंदरात शिस्त का हवी, हे १४ एप्रिल १९४४ ने दाखवले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे गेली. त्यात आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान होते. म्हणूनच १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात.

गेटवेवरून आपण लाँचने घारापुरीला जाऊ. साधारण तासाभराचा प्रवास आहे. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवार ठरवला आहे. वाटेत जवाहर द्वीपाजवळ तेलाची जहाजे दिसतात, पलीकडे न्हावा-शेव्याच्या उंच क्रेन. ते बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि मुंबईचा बराचसा कंटेनरचा माल तिकडे गेला.

आता पालकांसाठी. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर शंभराहून अधिक प्रवासी असलेल्या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि तेराहून अधिक जणांनी प्राण गमावले. काही पालकांनी लाँच रद्द करा म्हणून सांगितले. मी पुष्कळ विचार केला. लाँच रद्द केलेली नाही, पण जिच्यात प्रत्येकाला पुरेल इतकी जॅकेट्स नसतील किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे असतील, त्या लाँचमध्ये आपला एकही मुलगा-मुलगी चढणार नाही. मग घारापुरी राहिली तरी चालेल. जॅकेट किनाऱ्यावरच घालायचे, पट्टे शिक्षक तपासतील, आणि गरम होते म्हणून मधे काढायचे नाही.

संमतीपत्र शनिवारपर्यंत द्यावे. त्यातला ‘पोहता येते का’ हा रकाना कृपया रिकामा सोडू नये, आणि संकोचाने ‘हो’ लिहू नये.