एकाच वेदीसमोर, निरनिराळ्या कायद्यांखाली

फ्रान्समध्ये १७९२ पासून विवाह लावण्याचा अधिकार नागरी अधिकाऱ्याकडे असून चर्चमधल्या विधीला कायद्याच्या लेखी किंमत नाही; त्यामुळे तिथून वसईत आलेल्या माणसाला पहिले आश्चर्य वाटते ते फादरांच्या अधिकाराचे, कारण १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार त्यांनी लावलेले लग्न वेगळ्या नोंदणी विवाहाविना कायदेशीर ठरते. मात्र लग्न लावणाऱ्या चर्चला ते कायद्याने मोडता येत नाही: धार्मिक न्यायाधिकरणाने विवाह रद्द ठरवला तरी न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले.

पोर्तुगीज पाहुण्याची फसगत निराळी. वसई आणि गोवा, दोन्हीकडे चर्च आणि आडनावे ओळखीची दिसल्यामुळे कायदाही एकच असेल असे त्याला वाटते; परंतु चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली १७३९ मध्ये आणि पोर्तुगालची नागरी संहिता आली १८६७ मध्ये, म्हणून ती गोव्यात रुजली आणि वसईला तिचा स्पर्शही झाला नाही. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होऊन प्रत्येकाचा निम्मा वाटा ठरतो. वसईत नवऱ्याच्या नावावरची वाडी नवऱ्याचीच राहते, आणि मुले असताना तो मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने विधवेला एक तृतीयांश मिळतो. वसई-विरारमधले जमिनीचे भाव पाहता हा फरक केवळ ग्रंथातला नव्हे.

हिंदूंसाठी १९५५ चा कायदा आहे, मुस्लिमांचा निकाह हा करार मानला जातो, तर आंतरधर्मीय जोडप्यांना, आणि परदेशी जोडीदार असल्यास त्यालाही, १९५४ चा विशेष विवाह कायदा खुला आहे. त्यात दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य असावे लागते, शिवाय जाहीर नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्यांना ही नोटीस संरक्षणापेक्षा संकटच वाटावी.

फ्रान्सने १९९९ मध्ये ‘पॅक्स’ हा विवाहाहून सैल असा नोंदणीकृत सहजीवन-करार आणला. महाराष्ट्रात तसा दर्जा देणारा कायदा नाही. विवाहाविना एकत्र राहणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार मिळतो, पण संबंध ‘विवाहसदृश’ असल्याचे तिला सिद्ध करावे लागते, आणि समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार देऊन तो विषय संसदेवर सोडला.