वजन घटते तेव्हा नेमके काय घटते?

वजन घटवणारे मौंजारो (तिर्झेपाटाइड) मार्च २०२५मध्ये भारतात आले, वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) त्याच वर्षी जूनमध्ये. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांनाही ते बनवण्याची वाट मोकळी झाली. आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर टोचून घ्यायची ही इंजेक्शने आता शहरांतल्या गप्पांचा विषय आहेत, आणि त्या गप्पांतले प्रश्नही ठरलेले असतात : किती किलो उतरले, किती महिन्यांत, खर्च किती आला. उतरलेल्या किलोंमध्ये चरबी किती होती आणि स्नायू किती, हे क्वचितच कोणी विचारते. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न वजन उतरल्यानंतरचा नाही. तो पहिली सुई टोचण्याआधीच विचारायला हवा, आणि आपल्याकडे तर युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त निकडीने.

आधी औषधाची बाजू समजून घेऊ. जेवल्यानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. सेमाग्लुटाइड ही त्याचीच, पण शरीरात बरेच दिवस टिकणारी नक्कल. तिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. दोन्हींमुळे मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर मिळतो, जठर सावकाश रिकामे होते आणि माणूस कमी खातो. स्नायू झिजतात ते मुख्यतः या कमी खाण्यामुळे. कडक पथ्य असो, उपास असोत वा बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया, वजन झपाट्याने उतरले की चरबीबरोबर स्नायूही जातात. दुष्काळात वैरण परवडेना झाली की शेतकरी बैल बाजाराला नेतो, तसे अन्नाची टंचाई दिसताच शरीर पोसायला महाग असलेले आणि फारसे कामाला न जुंपलेले स्नायू कमी करते. सेमाग्लुटाइडची स्टेप-१ ही मोठी चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. १,९६१ लोक, ६८ आठवडे, आणि औषध घेणाऱ्यांच्या वजनात सरासरी १४.९ टक्के घट. चाचणीतल्या १४० जणांचे डेक्सा स्कॅन, म्हणजे शरीरातली चरबी वेगळी मोजणारे स्कॅन, झाले होते. त्यांतल्या औषध घेणाऱ्यांत चरबी सरासरी १९.३ टक्क्यांनी घटलेली दिसली आणि चरबी व हाडे सोडून उरणारा शरीराचा भाग, म्हणजे लीन मास, ९.७ टक्क्यांनी. किलोंत मोजले तर घटलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के वाटा चरबीचा नव्हता. तिर्झेपाटाइडच्या सर्माउंट-१ चाचणीत १६० जणांचे असेच स्कॅन झाले. तिथे हा वाटा साधारण एक चतुर्थांश निघाला.

हे आकडे वाचून ‘स्नायू विरघळवणारे औषध’ अशी ओरड करणारे आहेत, आणि त्यांना दिले जाणारे उत्तरही वजनदार आहे. डेक्सामधला लीन मास म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत. त्यात पाणी आहे, यकृत आहे, बाकीचे अवयव आहेत. यकृतातली चरबी उतरली की यकृतही आकसते, आणि ते चांगलेच लक्षण आहे. शिवाय शंभराहून अधिक किलोंचे शरीर वागवणाऱ्या माणसाच्या मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू मुळातच मोठे झालेले असतात. ओझे हलके झाले की त्यांतले काही कमी होणे स्वाभाविक आहे. स्टेप-१मध्येच एकूण वजनातले लीन मासचे प्रमाण तीन टक्क्यांनी वाढले, कारण चरबी त्याहून वेगाने गेली, आणि चालणे-फिरणे सोपे झाल्याचे सहभागी लोकांनीही नोंदवले. हा युक्तिवाद मला पटतो. ज्याचे गुडघे वजनाने बोलू लागले आहेत, साखर आटोक्यात येत नाही, झोपेत श्वास अडकतो, त्याने स्नायूंच्या भीतीने औषध नाकारावे असे या आकड्यांत काहीही नाही.

पण तो युक्तिवाद ज्या शरीरांवर उभा आहे ती शरीरे कोणती, हे पाहायला हवे. स्टेप-१मधल्या लोकांचे सरासरी वजन १०५ किलो होते आणि बॉडी मास इंडेक्स ३८च्या आसपास. आपल्याकडे इंजेक्शनाचा विचार करणारे बरेच लोक त्याच्या कितीतरी अलीकडे असतात आणि त्यांच्या शरीराची घडणही वेगळी असते. याचा पुरावा पुण्यातूनच आला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापून आणला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळे वजनाने बरीच हलकी होती, स्नायू कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारा पण आतून चरबीयुक्त असा हा भारतीय देह जन्मापासूनच स्नायूंच्या बाबतीत तंगीत असतो. शंभर किलोंच्या अमेरिकी माणसाने गमावलेले पाच किलो आणि सत्तर किलोंच्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या मराठी माणसाने गमावलेले तीन किलो यांची तुलना टक्केवारीत करून समाधान मानता येणार नाही. पहिल्याकडे शिल्लक होती.

दुसरी गोष्ट औषध थांबवल्यानंतरची. स्टेप-१मधल्या लोकांपैकी काहींवर औषध बंद झाल्यावर वर्षभर लक्ष ठेवले गेले. घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले होते. आपल्याकडे ही इंजेक्शने बहुतेकांना पदरचे पैसे मोडून घ्यावी लागतात, त्यामुळे मध्येच सोडणारेही पुष्कळ असणार. परत येणारे वजन कशाचे असते? रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवरचा २०११चा एक अमेरिकी अभ्यास आहे, या औषधांच्या आधीचा. वजन घटताना प्रत्येक किलो चरबीमागे पाव किलोहून थोडा जास्त लीन मास गेला. वजन परत चढताना प्रत्येक किलो चरबीमागे जेमतेम १२० ग्रॅम परतला. लग्नाच्या हंगामाआधी इंजेक्शन, नंतर बंद, पुन्हा दोन वर्षांनी सुरू, असे दोन-तीन फेरे झाले तर काट्यावर तोच आकडा दिसेल, पण त्यामागचे शरीर पहिल्यापेक्षा दुबळे असेल. स्नायू गेले की चयापचय बसतो असे जिममध्ये सांगतात, त्यात अतिशयोक्ती आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी जाळतो. खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारे सर्वांत मोठे कोठार स्नायूच आहेत, आणि पासष्टीनंतर न्हाणीघरात पाय घसरला तर तोल सावरायचा की खुब्याचे हाड मोडून घ्यायचे, हेही बऱ्याच अंशी त्यांच्यावरच ठरते.

मग उपाय काय, तर ‘रोज चालतो की’ हे उत्तर ठरलेले. चालणे हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तम आहे. स्नायू राखायला ते अपुरे पडते. २०१७मध्ये डॉ. डेनिस व्हिलारिअल आणि सहकाऱ्यांनी पासष्टीच्या पुढच्या १६० स्थूल लोकांवर सहा महिन्यांचा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. फक्त चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांचा लीन मास ५ टक्क्यांनी घटला, वजने उचलणाऱ्यांचा २ टक्क्यांनी, दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्क्यांनी, आणि शारीरिक क्षमता सर्वांत जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. स्नायू टिकतो तो त्याच्याकडून जड काम करून घेतल्यावर, मग ते डंबेल असो, रबरी पट्टा असो, पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन घातलेल्या बैठका असोत किंवा भिंतीला टेकून काढलेले जोर. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सांगते. ‘या वयात वजने कुठे उचलणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनमधला १९९०चा प्रयोग आहे. तिथे सरासरी ९० वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा लोकांनी आठ आठवडे पायांचा असा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली.

आहाराचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण इथे औषध आपल्या विरुद्ध काम करते. राष्ट्रीय पोषण संस्था सामान्य प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगते. वजन घटत असताना स्नायू राखायचे तर अनेक तज्ज्ञ १.२ ते १.६ ग्रॅम सुचवतात, म्हणजे सत्तर किलोंच्या व्यक्तीला किमान ८४ ग्रॅम. आता सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, रात्री खिचडी हा आपला दिवस घ्या. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम प्रथिने असतील. भूक शाबूत असतानाही हा हिशेब तोकडा पडतो, आणि इंजेक्शनानंतर चार घासांत पोट भरले की उरलेलाही कोलमडतो. मळमळ होते म्हणून नुसता दहीभात किंवा चहा-बिस्किटांवर राहणारे सर्वांत जास्त गमावतात. म्हणून ताटातला क्रम बदलावा : अंडी, मासे, कोंबडी, पनीर, घट्ट उसळ किंवा सोयाबीन आधी, भात-पोळी नंतर. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा, तेवढ्याच कोरड्या सोया वडीत पन्नास. शाकाहाऱ्यांना हे जमत नाही असे नाही, पण ते ठरवून करावे लागते. प्रथिनांच्या पावडरीबद्दल घरोघरी जी भीती आहे ती मला अनाठायी वाटते. भूकच नसताना दुधात किंवा ताकात मिसळलेला एक चमचा बरेच काम करतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

एवढे कशाला, स्नायू वाचवणारे औषधही येतेच आहे, असा शेवटचा आक्षेप. बिमॅग्रुमॅब नावाच्या प्रतिपिंडाचे निष्कर्ष २०२५मध्ये मांडले गेले. सेमाग्लुटाइडबरोबर ते दिल्यावर घटलेल्या वजनातला ९० टक्क्यांहून अधिक भाग चरबीचा होता, नुसत्या सेमाग्लुटाइडने तो सुमारे ७२ टक्के होता. बातमी आशेची आहे. पण स्कॅनमध्ये स्नायू दिसणे आणि त्यात जोर असणे या दोन निराळ्या बाबी आहेत, आणि एका महागड्या इंजेक्शनाचा तोटा भरायला दुसरे इंजेक्शन हा काही सर्वांच्या खिशाचा मार्ग नव्हे. ताकदीचा व्यायाम आणि प्रथिने हे औषधाबरोबर सुचले तर करायचे पथ्य नाही, तो उपचाराचाच अर्धा भाग आहे. वजन, साखर, रक्तदाब लिहून घेणाऱ्या पण ताकदीबद्दल एक शब्दही न विचारणाऱ्या डॉक्टरांनी अर्धेच प्रिस्क्रिप्शन लिहिलेले असते.

ताकद मोजायला डेक्सा लागत नाही. आशियाई लोकांसाठी २०१९मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार मुठीचा जोर पुरुषांत २८ किलोंपेक्षा किंवा स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी असेल तर ती धोक्याची खूण. त्यासाठी लागणारे छोटे उपकरण अनेक फिजिओथेरपिस्टांकडे असते. तेही नको असेल तर भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर इंजेक्शनाच्या चौकशीआधी पायांच्या व्यायामाची चौकशी करा. इंजेक्शन सुरू केलेच असेल तर दर महिन्याला वजनाशेजारी हा सेकंदांचा आकडाही लिहून ठेवा, आणि तो वाढत चालला तर पुढचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.