पेटीतले टॉवेल

माझे सासरे वारले त्या दिवशीची गोष्ट. गुस्लची तयारी चालली होती. पाणी तापले होते, पडदा बांधून झाला होता. बाहेरून कोणीतरी स्वच्छ टॉवेल मागितला. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. वरच्या चादरी बाजूला केल्या, तर खाली कागदात गुंडाळलेले सोलापूरचे टॉवेल! पुढे कधीतरी मोजले, तेव्हा चौदा भरले. काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

अब्बांनी मात्र शेवटपर्यंत एक विरलेला पंचा वापरला. नवा टॉवेल काढायचा म्हटले की अम्मी म्हणत, "राहू दे, मेहमान आले की लागतील." अब्बाही कधी काही बोलले नाहीत. त्या दिवशी टॉवेल बाहेर देताना अम्मींनी त्याच्यावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाल्या, "हा मी त्यांच्यासाठीच आणला होता. ईदला."

भगिनींनो, यात दोष कोणाचा? मेहमानाची कदर करणे ही तर आपली शिकवण. अम्मींनी काटकसरीने, प्रेमाने ते टॉवेल जपले. पण घरच्या माणसांचाही आपल्यावर हक्क असतो. तो पेटीत बंद राहू नये, म्हणून टॉवेल कसे ठेवावेत याविषयी आमच्या घरात जे शिकलो ते लिहिते आहे.

आधी मोजणी करा. घरातले सगळे टॉवेल एकदा पलंगावर काढा. माणशी दोन मोठे टॉवेल आणि दोन नॅपकिन पुरतात: एक वापरात, एक धुण्यात. पाच माणसांच्या घराला दहा टॉवेल, दहा नॅपकिन. मेहमानांसाठी आणखी चार. जास्तीचे चांगले असतील तर गरजूंना द्या. देताना फाटके शोधू नका. जे आपल्याला आवडते त्यातून द्यावे, ही कुरआनची शिकवण आहे. फाटके कापून पुसायला घ्या, पण त्यांची जागा वेगळी ठेवा. तान्ह्या बाळाचे किंवा फरशीचे फडके आणि वुजूचा नॅपकिन एका ढिगात कधीच नको. प्रत्येकाचा रंग ठरवून दिला की अदलाबदल होत नाही. एकाच टॉवेलने सगळ्यांनी अंग पुसले तर एकाचा नायटा घरभर फिरायला वेळ लागत नाही.

वुजूच्या नॅपकिनकडे आपले फार दुर्लक्ष होते. पाच माणसांच्या घरात पाच वक्तांसाठी एकच नॅपकिन टांगला, तर तो दिवसातून पंचवीस वेळा ओला होतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही, कुबट वास मारतो, आणि त्याच कपड्याने आपण तोंड पुसून नमाजला उभे राहतो. म्हणून प्रत्येकाचा नॅपकिन वेगळा, वेगळ्या खिळ्यावर, पसरून टांगलेला असावा.

आता टॉवेल नीट पाहा. टर्किश टॉवेलवर सुताचे बारीक फासे उभे असतात, तेच पाणी शोषतात. टर्किश हे नावही उगीच पडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात हेन्री क्रिस्टी या इंग्रज प्रवाशाने तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातला असा हातविणीचा टॉवेल मायदेशी नेला. पुढे तो यंत्रावर विणला जाऊ लागला आणि 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडला गेला. आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हे फासे जपायचे तर टॉवेलला इस्त्री करू नका, ते दबतात. कपडे मऊ करणारे द्रावण धुण्यात घालू नका, त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपत नाही. वाळत घालण्याआधी दोनदा जोरात झटका. फासे उभे राहतात आणि टॉवेल मऊ वाळतो.

घडी पूर्ण वाळल्यावरच घाला. वरून कोरडा वाटला तरी काठाची जाड पट्टी हाताने चाचपून पाहा. ओल तिथेच राहते. बाजारात मोठा टॉवेल साधारण 30 बाय 60 इंचांचा मिळतो. तो पलंगावर पसरा. रुंदीच्या दोन्ही बाजू आत घेऊन तीन पदर करा, म्हणजे दहा इंचांची लांब पट्टी होईल. ती मधोमध दुमडा, मग पुन्हा तीन घड्या घाला. दहा इंचांची चौकोनी घडी तयार होते. कपाटात ठेवताना घडीची गोल बाजू बाहेर आणि सुटे काठ आत ठेवा. एक ओढला तर बाकीचे ढासळत नाहीत.

धुऊन आलेला टॉवेल नेहमी ढिगाच्या तळाशी ठेवा आणि वापरायला वरचा घ्या. असे केले की सगळे टॉवेल सारखे वापरले जातात. वरचे दोनच झिजले आणि खालचे कोरेच राहिले, असे होत नाही. मेहमानांचे चारही याच फेरीत असू द्या. आदल्या आठवड्यात धुतलेला टॉवेल मेहमानाला देण्यात कसला कमीपणा? पेटीच्या वासाचा कोरा टॉवेल अंगही नीट पुसत नाही. एकदोन धुण्यांनंतरच तो पाणी नीट शोषतो.

कपाट भिंतीला चिकटवू नका, थोडी फट ठेवा. न्हाणीघरात ढीग नको. कडुलिंबाचा वाळलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या तोंड पुसायच्या कपड्यांत नकोत. लहान मुले त्या तोंडात घालण्याचीही भीती असते. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी सगळा ढीग बाहेर काढा.

हे काम एकट्या आईचे नाही. घडी घालणे सात-आठ वर्षांच्या मुलालाही जमते, मुलीइतकेच मुलालाही. तहारत म्हणजे ईमानचा अर्धा हिस्सा, हे आपली मुले मदरशात पाठ करतात; घरात ते हाताने शिकतात.

आमच्याकडे आता जुम्म्याच्या सकाळी अम्मी आणि माझा धाकटा मिळून घड्या घालतात. तो चुकला की अम्मी घडी मोडून पुन्हा घालायला लावतात. ते चौदा टॉवेल कधीच वापरात आले. पेटीत आता फक्त रजया आहेत, आणि तिला कुलूप नाही.

अल्लाह अब्बांची मगफिरत करो. आणि तुम्ही, या जुम्म्याला, आपली पेटी एकदा उघडून पाहा.