दाबा ना जोरात, सिस्टर!

मित्रांनो, हॉस्टेलचं बेसिन चोकअप झालं की आपण पंप घेऊन दणादण जोर लावतो. पण हीच ट्रिक माणसाच्या हृदयाजवळ पोचलेल्या नळीवर केली तर? माझी मावशी पिंपरीतल्या एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूत सिस्टर आहे. ती म्हणते, "लाइन ब्लॉक झाली की नातेवाईक हमखास म्हणतात, दाबा ना जोरात, सिस्टर!" म्हणून हा लेख.

सेंट्रल लाइन म्हणजे मानेतल्या, छातीतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी. केमोथेरपी, डायलिसिस, आयसीयूतली स्ट्राँग औषधं यांसाठी ती लागते. अशा शिरा मोजक्याच! एक लाइन वाया गेली की पेशंटला पुन्हा टोचणं आणि पुन्हा खर्च.

फ्लुइड मेकॅनिक्समधला पॉइझुइल आठवतोय? तो मूळचा डॉक्टर होता बरं का! त्याच्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच प्रेशरला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे रक्ताची पातळशी गुठळी आतून चिकटली तरी पुरे. कधी कधी सलाईन आत जातं, पण रक्त मागे येत नाही. टोकावरचा गुठळीचा पापुद्रा चक्क नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखा वागतो!

आता जोर का नको? प्रेशर म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. १० मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण १४ मिमी, २ मिलीच्या सिरिंजचा ९ मिमी. अंगठ्याने ५ किलोचा जोर लावला तर मोठ्या सिरिंजमध्ये चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो प्रेशर येतं, छोटीत जवळजवळ ८! आपल्या चाकणला बनणाऱ्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतं. म्हणजे छोटी सिरिंज जास्त डेंजरस! नळी फाटू शकते, नाहीतर गुठळी सुटून थेट फुप्फुसात जाऊ शकते.

मग सिस्टर काय करतात? आधी बाहेरून बघतात: क्लॅम्प बंद आहे का, नळी मुडपली आहे का. पेशंटला कूस बदलायला, हात वर करायला सांगतात. मग १० मिलीची सिरिंज लावून हलकेच मागे ओढून बघतात. तरी नाही जमलं, तर डॉक्टरांच्या ऑर्डरने गुठळी विरघळवणारं औषध, उदा. अल्टेप्लेज २ मिलिग्रॅम, नळीत भरून ठेवतात. अर्ध्या तासाने बघायचं, गरज पडली तर दोन तासांपर्यंत थांबायचं. हे औषध रक्तातल्याच प्लास्मिनोजेनचं प्लास्मिन करतं आणि ते गुठळीचे धागे तोडतं. (याच कुटुंबातलं टेनेक्टेप्लेज आपल्या शेजारी हिंजवडीत जेनोव्हा कंपनी बनवते.) लाइन सुटली की ४-५ मिली रक्त ओढून टाकून द्यायचं, मगच सलाईन. हेपरिन नवीन गुठळी होऊ देत नाही, पण झालेली विरघळवत नाही. आणि दोन औषधं एकत्र येऊन साका झाला असेल, तर अल्टेप्लेजचाही उपयोग नाही.

मुळात ब्लॉक होऊच नये म्हणून प्रत्येक औषधानंतर सलाईन थांबत-थांबत, छोट्या धक्क्यांनी सोडतात. त्याने नळीची भिंत धुतली जाते. मेंटेनन्स म्हणजे हाच की!

तेव्हा दोस्तांनो, कधी पेशंटजवळ बसायची वेळ आली आणि सिस्टर सिरिंज लावून शांत थांबलेल्या दिसल्या, तर "काहीच करत नाहीत" असं म्हणू नका. ते थांबणं हीच ट्रीटमेंट असते.