बहिणीची बंद केलेली गोळी आणि पेशीची कॉपी

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मागच्या महिन्यात रात्री अकराला मामेबहिणीचा मेसेज आला. "दादा, मी गोळी बंद केली. गूगलवर पाहिलं, ती कॅन्सरची आहे. मला कोणी सांगितलं काहून नाही?"

ती एसएस आहे, म्हणजे सिकलसेलची पेशंट. गोळीचं नाव हायड्रॉक्सियुरिया. मी बी.टेक. करून कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे जे समजलं ते आज सांगतो. हे सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात?

पेशी आधी वाढते, प्रोटीन बनवते. मग स्वतःच्या डीएनएची पूर्ण कॉपी काढते. ४६ गुणसूत्रं, साधारण ६०० कोटी अक्षरं! मग कॉपी तपासते, चुका दुरुस्त करते आणि शेवटी दोन भाग होतात. लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशीला या सगळ्याला साधारण २४ तास लागतात. त्यातले आठेक तास कॉपीत जातात, प्रत्यक्ष दोन व्हायला एखादा तासच.

आता गंमत बघा. रक्तातली लाल पेशी हे करूच शकत नाही, कारण तिच्यात केंद्रकच नसतं. नवीन लाल पेशी तयार होतात हाडांच्या आतल्या मज्जेत. तिथल्या पेशी काही वेळा विभागतात, हिमोग्लोबिनने भरतात आणि शेवटी केंद्रक बाहेर टाकून देतात. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढी भरपाई करायला मज्जा दर सेकंदाला २० लाखांहून जास्त लाल पेशी बनवते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एक अक्षर बदललेलं असतं. मला वाटायचं, कॉपी काढताना गडबड होत असेल. तर नाही! कॉपी एकदम बरोबर होते. चूक आईवडिलांकडून आलेल्या मूळ मजकुरातच आहे, म्हणून प्रत्येक नवी पेशी तीच चूक इमानदारीने पुढे नेते. ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. बारीक नसांत अडकते, आणि मग त्या असह्य वेदना. अशी पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते. म्हणजे मज्जेला कायम ओव्हरटाइम. बहिणीला रोज फॉलिक अ‍ॅसिड देतात ते यासाठीच: डीएनएची अक्षरं बनवायला ते लागतं.

आता ती गोळी. डीएनएची अक्षरं तयार करणारं एक एन्झाइम ती अडवते, त्यामुळे पेशी कॉपीच्या टप्प्यावर अडखळतात. कॅन्सरमध्ये पेशी बेफाम विभागतात, म्हणून काही कॅन्सरमध्ये ती वापरतात. सिकलसेलमध्ये याच ब्रेकमुळे मज्जेचं काम बदलतं आणि बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन जास्त बनायला लागतं. त्याचा जीन वेगळा, त्यात ही चूक नाही. ते मध्ये आलं की बाकीचं हिमोग्लोबिन सहज चिकटत नाही. पेशी जास्त टिकतात, वेदनेचे झटके कमी होतात.

पण ब्रेक जास्त दाबला गेला तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. डोस डॉक्टरच ठरवणार. गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही, बंदही करायची नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

बहिणीने रक्त तपासलं आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी परत सुरू केली. पण तिचा राग मला पटला. तीन वर्षं गोळी दिली, "ही काय करते" हे आम्ही कोणीच सांगितलं नाही.

विदर्भात हा विषय नवा नाही. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन मात्र १ जुलै २०२३ ला सुरू झालं, लक्ष्य २०४७.

आणि मी? बहिणीमुळे मीही तपासणी केली. मी एएस निघालो, म्हणजे वाहक. मला काही त्रास नाही. पण बायकोही एएस असली तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, की बाळ एसएस असेल. सध्या घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. बायोडेटात रास आहे, नाडी आहे, पगारपण आहे. मी आईला त्यात एक ओळ वाढवायला लावली: सिकलसेल तपासणी, एएस. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, विचारतील, आणि विचारायलाच पाहिजे.

तुम्ही तपासणी केली नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. एक छोटी रक्ततपासणी आहे. चला, भेटू पुढच्या भागात!